गोळी कमी करायच्या आधी

“कमी करू या,” डॉक्टर म्हणाल्या, “पण आज नाही.”

मी उघडलेली पर्स पुन्हा बंद केली. मला वाटलं होतं, त्या चिठ्ठीवर नवीन डोस लिहितील, मी खालच्या केमिस्टकडून गोळ्या घेईन आणि संध्याकाळपासून थोडी कमी आजारी असेन. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सुरू झालेली ती गोळी माझ्याबरोबर नोकरीलाही लागली होती. मी बरी होते, बरेच महिने बरी होते. सकाळी उठत होते, ऑफिसात बसून शाळेच्या इंग्रजी पुस्तकांची प्रुफं तपासत होते. भूक लागत होती, झोप लागत होती. मग गोळी कशाला? हेच मी डॉक्टरांना इंग्रजीतून, रिक्षात पाठ करत आणलेल्या दोन वाक्यांत सांगितलं होतं.

भाईंदर पश्चिमेला एका फरसाणाच्या दुकानाच्या वर त्यांचा दवाखाना होता. जिना चढताना तळणाचा वास यायचा आणि वर गेल्यावर डेटॉलचा. मीरा रोडला, पूनम सागरमध्ये, आमच्या बिल्डिंगपासून चालत जाता येईल असाही एक डॉक्टर होता, पण तिथल्या बाकावर आईच्या ओळखीचं कुणी ना कुणी बसलेलं असणारच. म्हणून मी भाईंदर निवडलं होतं. गोळ्याही मी आमच्या गल्लीतल्या केमिस्टकडून कधी घेतल्या नाहीत. तो कुणाचंही पाकीट काउंटरवर ठेवताना “वोही वाला ना?” असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारायचा.

“गोळी सुरू करताना एका दिवसात सुरू केली,” डॉक्टर म्हणाल्या. “कमी करताना तसं नसतं. शरीराला तिची सवय झालेली असते. एकदम काढली तर चक्कर येते, चिडचिड होते, झोप उडते, उगाच रडू येतं. मग तुला वाटेल आजार परत आला. आणि कधी कधी खरंच आजारच परत येत असतो. दोन्हीतला फरक कळायला वेळ लागतो. आणि माणूस लागतं.”

“माणूस?”

“घरातलं. तुला रोज बघणारं.”

“मी स्वतः लक्ष ठेवीन.”

“तू ठेवशीलच गं. पण तू मला फोन कधी करतेस? सगळं होऊन गेल्यावर. त्या लग्नाला गेलीस आणि गोळ्या घरी विसरलीस, ते मला कधी कळलं?”

ते लग्न पनवेलला होतं. दुसऱ्या दिवशी मान वळवली की डोळे आधी जायचे आणि डोकं मागून पोचायचं. मी मांडवामागच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर थंड पेय घेऊन बसून राहिले आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला ऊन लागलं म्हणून सांगितलं. डॉक्टरांना ते मी पुढच्या व्हिजिटला सांगितलं, तेही त्यांनी विचारलं म्हणून.

त्यांनी मग मला माझ्या ऑफिसबद्दल विचारलं. घाई कधी असते? पुस्तकं शाळा उघडायच्या आधी दुकानात जायला हवीत, त्यामुळे एप्रिल संपेपर्यंत मान वर करता येत नाही, मी म्हटलं. “मग मे महिन्यात सुरू करू. तोपर्यंत झोपेची वेळ सांभाळ, रोज थोडं चाल. आणि पुढच्या वेळी येताना त्या माणसाला घेऊन ये.”

त्या माणसाला. जणू आमच्या घरात निवडायला दहा माणसं होती.

आम्ही तिघंच होतो. बाबा एका छापखान्यात बायंडिंगला होते, सकाळी लवकर जायचे आणि आल्यावर पेपर वाचत वाचत झोपायचे. आणि आई. आईबाबा मूळचे रत्नागिरीकडचे, पण आई वाढली परळच्या चाळीत, एका खोलीत. तिथे कुणाच्या घरी कसली आमटी शिजतेय ते सगळ्या मजल्याला माहीत असायचं आणि कुणाला ताप आला तर डॉक्टरच्या आधी गॅलरी जमायची. मीरा रोडला वन रूम किचन घेतल्यावर मला सगळ्यात जास्त आवडलं ते दाराचं लॅच. ओढलं की टक् असा आवाज होऊन दार बंद. आई मात्र कितीतरी वर्षं दार लोटून ठेवायची, कुणी येईल म्हणून. समोरच्या गुजराती बाईंशी ती हिंदीत तासन् तास बोलायची आणि दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं.

माझ्या गोळ्यांना आईने पहिल्याच आठवड्यात नाव देऊन टाकलं होतं. समोरच्या बाईंनी पट्टी पाहिली आणि विचारलं, तेव्हा आई म्हणाली, “खून कम है इसका.” तेव्हापासून त्या रक्ताच्या गोळ्या झाल्या. रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी, बशीच्या कडेवर, ती एक गोळी काढून ठेवायची. मी घ्यायचे. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. मला ते बरंच वाटायचं. आईशी मराठीत या विषयावर बोलायला माझ्याकडे शब्द नव्हते. शाळेत मी भावनांची नावं इंग्रजीतून शिकले आणि घरात आमच्याकडे ‘बरं वाटत नाही’ एवढंच होतं, ते सर्दीलाही चालायचं.

मधल्या काळात मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन गोळी कमी करण्याबद्दल बरंच वाचलं. प्लायवूडच्या खोपट्यात बसून, पलीकडचा मुलगा गोळीबाराचा गेम खेळत असताना. परदेशातल्या लोकांनी आपापले अनुभव लिहिले होते. ते इतके भयानक होते की मी उठून गेले आणि परत आले आणि पुन्हा वाचलं. कुणी एकदम बंद केली होती, कुणी डॉक्टरांना न सांगता. ज्यांचं नीट पार पडलं त्यांनी बहुतेक काही लिहिलंच नसणार, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

शेवटी मी आईला म्हटलं, “डॉक्टरांनी तुला बोलावलंय.”

तिने गॅस बंद केला. “काय झालं?”

“काही नाही. गोळी कमी करायचीय.”

“मग मला कशाला?”

“तू बघायचं. मी नीट आहे की नाही.”

“ते मी बघतेच की,” ती म्हणाली, आणि गॅस परत लावला.

दवाखान्यात ती लग्नाला नेसते त्यातली एक साडी नेसून आली. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगितलं, घाई नाही, पायरी पायरीने, मध्ये त्रास वाटला तर थांबायचं, गरज पडली तर एक पायरी मागेही जायचं, त्यात हरल्यासारखं काही नाही. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मग त्यांनी विचारलं, “ताई, पहिल्यांदा ही आजारी पडायला लागली तेव्हा तुम्हाला कशावरून कळलं?”

मी म्हणणार होते की तिला कळलं नव्हतं. मला स्वतःलाच कळायला कितीतरी दिवस गेले होते.

“कढीपत्ता,” आई म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“लहानपणापासून ही कढीपत्ता काढून ताटाच्या कडेला लावते. मिरचीचा तुकडा, मोहरीसुद्धा. मी ओरडते, तरी काढते. तेव्हा काढायची बंद झाली. वाढलं ते गिळायची. मी मुद्दाम एकदा आमटीत जास्त टाकला. तोही खाल्लान्. मला वाटलं, मोठी झाली. पण तोंड बघितलं आणि समजलं.”

मला ही गोष्ट माहीत नव्हती. मी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत राहिले, कारण आईकडे बघितलं असतं तर मला दवाखान्यातच रडू आलं असतं, आणि डॉक्टरांनी ते कसल्या तरी लक्षणात धरलं असतं.

“चालेल,” डॉक्टर मला म्हणाल्या. “तुझं माणूस चालेल.”

मार्चमध्ये आई शिमग्याला गावी गेली. बाबांना रजा नव्हती आणि मला प्रुफं होती. मी आणि बाबा आठवडाभर पिठलं आणि अंडी यांवर राहिलो. गोळी मी स्वतः काढून घेत होते. आई परतली ती सुकवलेली आमसुलं, कुळथाचं पीठ, कागदात बांधलेला अंगारा आणि घसा बसलेला आवाज घेऊन. पिशव्या खाली ठेवायच्या आधीच तिने माझ्या कपाळाला अंगारा लावला.

“देवळात तुझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं,” ती म्हणाली. “कौल पण लावला. उजवा दिलान्.”

आमच्या गावी देवाच्या मुखवट्याला दोन्ही बाजूंना ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतात आणि गुरव प्रश्न विचारतो. उजवीकडची आधी पडली तर देवाचं हो. डावीकडची पडली तर नाही. मी लहानपणी एकदा बघितलं होतं. सगळे श्वास धरून एका पाकळीकडे बघत उभे राहतात.

“काय विचारलंस?”

“काय म्हणजे? लेकीच्या गोळ्या सुटतील का, म्हणून.”

“हळू आवाजात?”

आई हसली. “गाऱ्हाणं कुणी हळू घालतं होय? गुरवाने घातलं, असं मोठ्याने.” आणि चहाचं आधण ठेवता ठेवता तिने बसलेल्या घशाने म्हणूनच दाखवलं. “बा देवा म्हाराजा, ही तुझी मुंबैकर लेक तुझ्या पायाशी आली हाय. हिच्या पोरीला डोक्याच्या दुखण्याच्या गोळ्या चालू हायत. डॉक्टर कमी करतो म्हणतोय. ते काम सुखरूप पार पडू दे, पोरीच्या जिवाला धक्का लागू नये, काय चूकभूल असेल ती पोटात घाल. आणि मग सगळे, व्हय म्हाराजा.”

“सगळे म्हणजे कोण?”

“भावकी. पालखीचे दिवस, देऊळ भरलेलं.”

आमची निम्मी भावकी भाईंदर, नालासोपारा आणि विरारला राहते. शिमगा झाला की सगळे त्याच एक-दोन गाड्यांनी परत येतात. मी हिशेब केला आणि बसून राहिले. दोन वर्षं मी लांबच्या केमिस्टकडे गेले होते. लांबचा दवाखाना शोधला होता. ऑफिसात, कॉलेजच्या मैत्रिणींना, मावशीला, कुणाला म्हणून कळू दिलं नव्हतं. आणि इथे गुरव, ढोल, आणि शंभर माणसं व्हय म्हाराजा.

फोन दुसऱ्याच दिवशी आला. भाईंदरजवळ मोरव्याला राहणारी, भावकीतली एक काकू होती. “काय गो बाय, कशी हायस? बरी हायस ना? आमी सगल्यांनी म्हटलंय हां तुझ्यासाठी. घाबरू नको.” मी थँक्यू म्हटलं. 

फोन ठेवला आणि मी भांडायला लागले. मी फार भांडत नाही, त्यामुळे मला ते नीट येतही नाही. मी इंग्रजीतच सुरू झाले, दॅट वॉज प्रायव्हेट, यू हॅड नो राइट, हाऊ कुड यू.

“मराठीत बोल,” आई म्हणाली. “भांडायचंय तर मला पण भांडू दे.”

“ते माझं होतं. तू सगळ्यांना का सांगितलंस?”

“मी सगळ्यांना नाही सांगितलं. देवाला सांगितलं.”

“मोठ्याने.”

“मग? आणि खोटं सांगू? समोरच्या बाईला सांगते तसं देवाला सांगू, हिचं रक्त कमी हाय? त्याने रक्तच वाढवलं असतं. डोक्याचं तसंच राहिलं असतं. त्याला नीट सांगावं लागतं काय ते.”

बाबा पेपरामागे हसले असावेत, कारण पेपर हलला. मला हसू आलं नाही. मी गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्याशेजारच्या डब्यातून काढून माझ्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीच्या कडेवर काही नव्हतं. आईने चहा ठेवला आणि ती आत गेली. मी आत जाऊन, कपाट उघडून, गोळी घेतली. असंच चालू राहिलं. आई विचारायची, “जेवलीस?” मी म्हणायचे, “हो.” एवढंच. मी कढीपत्ता ताटाच्या कडेला काढायचे आणि आई तो बघते आहे हे मला माहीत असायचं, आणि त्याचाही मला राग यायचा.

एप्रिलच्या एका रविवारी बाबा म्हणाले, चल उत्तनला, पावसाळ्याचं सुकं घेऊन येऊ. ते मला बाजाराला कधी नेत नाहीत, त्यामुळे काहीतरी बोलायचं असणार हे मी ओळखलं. बसमध्ये ते काही बोलले नाहीत. उत्तनला बांबूंच्या मांडवावर बोंबील उलटे टांगून वाळत घातलेले होते, एकात एक तोंडं अडकवून. वारा आला की सगळी रांग हलायची. बाबा एका बाईशी भावावरून घासाघीस करत होते. ती म्हणाली, “नको तर नको, दुसरीकडे न्हाय मिलनार असा.” बाबांनी घेतलेच. मग आम्ही किनाऱ्यावरच्या एका उलट्या ठेवलेल्या होडीच्या सावलीत बसलो.

“तुझ्या आईला दार लावून बोलता येत नाही,” बाबा म्हणाले. “चाळीत वाढली ती. तिथे घरात दुखणं आलं आणि लपवून ठेवलं, तर लोक म्हणायचे, एकट्याने मरायचंय काय.”

“आणि मला लपवायचं असेल तर?”

“तर तिला तसं सांग. ती चुकली ते चुकलीच. पण तू नुसती गप्प बसतेस. गप्प बसलीस की तिला वाटतं तू परत आजारी पडतेस. रोज रात्री मला विचारते, हिचं तोंड कसं दिसलं तुम्हाला?”

“तुम्ही काय सांगता?”

“रागावलेलं.” ते थोडे हसले. “ती म्हणते, मग बरं. राग हाय म्हणजे बरी हाय.”

येताना बोंबलांच्या पिशवीमुळे बसमध्ये आमच्या शेजारी कुणी बसलं नाही.

त्या महिन्यात डॉक्टरांकडे मी एकटीच गेले. त्यांनी विचारलं, तुझं माणूस कुठाय? मी सगळं सांगितलं, गाऱ्हाण्यासकट. मला वाटलं त्या देवाबद्दल काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, “मग आता घरात तुला कोण बघतंय?”

“कुणी नाही. मीच.”

“मग आपण थांबू.”

“ही शिक्षा आहे का?”

“शिक्षा कसली गं. ही गोळी काय तुझी वैरीण आहे? आणखी थोडे दिवस घेतलीस तर काही बिघडत नाही. पण घरात दोघी बोलत नाहीत, अशा वेळी कमी करायला घेतलीस आणि मध्येच गरगरायला लागलं, तर तू कुणाला सांगशील? कपाटाला?”

मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

“कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे तू ठरवायचं. आईचं चुकलं, आणि ते तिला सांगायलाच हवं. पण तोंडाने सांगायचं. पट्टी कपाटात ठेवून नाही.”

बसमधून येताना मी वाक्यं जुळवत होते. मराठीत. ‘खाजगी’ हा शब्द मला शाळेच्या पुस्तकातला वाटत होता, आईला मी तो कधी म्हटला नव्हता. जुळवलेलं मी दोन दिवस मनात धरून बसले. आई भाजी निवडत असायची, किंवा कपडे वाळत घालत असायची, आणि मी दारापर्यंत जाऊन परत यायचे.

आणि रविवारी काकू आली. तीच, मोरव्याची. न कळवता, दुपारी, हातात ओल्या काजूच्या बियांची पिशवी घेऊन. आईने तिला खुर्ची दिली, मी पाणी दिलं आणि आत जाण्यासाठी वळले, तेवढ्यात तिने माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

“कवा सोडतेस गोल्या?”

“बघू,” मी म्हटलं.

“बघू काय त्यात? देवाने उजवा दिलान् की. आता कशाला खातेस ते इष? आमच्या शेजारणीची सून सात वर्सं खातेय, नुसती झोपून. देवाचं नाव घे, गटारात टाक नि मोकली हो. उद्याच.” मग ती आईकडे वळली. “तुजं मन कच्चं हाय म्हणून ही घाबरते. देवाने सांगितल्यावर परत डॉक्टर कशाला मध्ये?”

मी आईकडे बघितलं. खरं सांगायचं तर माझा तिच्यावर विश्वास नव्हता. मला वाटलं, आता आईसुद्धा मान हलवेल. देव तिचा, कौल तिने लावलेला, काकू भावकीतली आणि वयाने मोठी. काकूपुढे ती कधी बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

आईने मांडीवरचा पदर नीट केला. “टाकायच्या नाहीत, वहिनी.”

“अगो पण कौल—”

“कौल सुखरूप सुटतील म्हणून दिलान्. उद्या टाक म्हणून नाही. डिप्रेशनच्या गोळ्या आहेत त्या. एकदम सोडल्या तर त्रास होतो, चक्कर येते, माणूस परत पडतं. हळूहळू कमी करायच्या असतात, डॉक्टर सांगतील तशा. मी स्वतः जाऊन ऐकून आलेय.”

डिप्रेशन. आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने म्हटला, आणि तो आईने म्हटला, ‘शन’वर जरा जास्तच जोर देऊन, बँकेत सही करताना ती अक्षरं काढते तशी. दार लोटलेलं होतं. समोरच्या बाईंनाही ऐकू गेलं असणार.

“आणि विष म्हणू नका,” आई पुढे म्हणाली. “त्या गोळ्यांनी माझी पोर उठून कामाला लागली. तुम्ही बघितली नाहीत तिला तेव्हा.”

काकूने काजूची पिशवी आईकडे सरकवली. मग म्हणाली, “बरं बाई. तुमी शिकलेली माणसं.” आई चौथी शिकलेली. दोघी एकदमच हसल्या, काकू जरा उशिरा. नंतर ती चहा पिऊन, काजूच्या बिया फोडायच्या कशा ते मला दोनदा सांगून, हाताला चीक लावून घेऊ नको म्हणून गेली. जाताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला. तिला माझं वाईट करायचं नव्हतं, एवढं मला दिसत होतं.

दार बंद झाल्यावर आई कप उचलायला लागली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि जुळवून ठेवलेलं सगळं विसरले.

“आई, यापुढे माझं काही कुणाला सांगायचं असेल ना, तर आधी मला विचार.”

ती नळाखाली हात धरून उभी राहिली. “देवाला पण?”

“देवाला मोठ्याने सांगायचं असेल तर.”

तिने विचार केला. आई विचार करते तेव्हा तिचे ओठ हलतात. “बरं,” ती म्हणाली. “मला वाटलं, जितकी माणसं व्हय म्हणतील तितकं बळ मिळेल तुला. तुला लाज वाटेल हे डोक्यात नाही आलं.”

“लाज नाही. म्हणजे, लाजही. पण ते माझं आहे.”

“हां.” मग कप विसळता विसळता, माझ्याकडे न बघता, “आणि आत्ता काकूला बोलले ते? ते पण तुला न विचारता बोलले.”

“ते चालेल,” मी म्हटलं.

मी कपाटातून पट्टी आणली आणि तिच्या ओल्या हातात दिली.

मे महिन्यात आम्ही दोघी पुन्हा भाईंदरला गेलो. बाबांनी आदल्या दिवशी छापखान्यातली धारदार सुरी घरी आणून ठेवली होती, गोळी बरोबर मधोमध कापायला. आई म्हणाली, त्या सुरीला सरस लागलेला असतो, ती माझ्या पोरीच्या गोळीला लावायची नाही. पण कापायची वेळ आलीच नाही. डॉक्टरांनी त्याच औषधाची कमी ताकदीची गोळी लिहून दिली. ती गुलाबी होती. आईने केमिस्टच्या काउंटरवर पट्टी उलटसुलट करून बघितली. “हीच ना? रंग वेगळा का?” केमिस्टने तिला समजावलं, मग मी समजावलं. मग ती पुन्हा जिना चढून वर गेली आणि डॉक्टरांना विचारून आली.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मला थोडी निराशाच झाली, इतकी तयारी केली होती. आई सकाळी बशीच्या कडेवर गुलाबी गोळी ठेवायची आणि पूर्वीसारखी निघून न जाता मी ती गिळेपर्यंत उभी राहायची. संध्याकाळी मी चालायला जायचे. आईने प्रश्न विचारायचं कमी केलं होतं, बहुतेक बाबांनी सांगितलं असेल.

मग एका संध्याकाळी मी ओट्यापाशी कैरी किसत होते. आई शेजारी लोणच्यासाठी तेल गरम करत होती. काहीतरी घ्यायला मी मान वळवली आणि फरशी एक क्षण बाजूला सरकल्यासारखी झाली. पनवेलच्या मांडवातलीच ती जाणीव होती, पण बारीक. मी ओट्याची कड धरली. आईची पाठ माझ्याकडे होती. आत्ता थांबलं तर तिला कळणारही नाही, मी नेहमीच्या सवयीने विचार केला. ते थांबलं. मग पुन्हा आलं.

“आई,” मी म्हटलं. “मला आत्ता गरगरलं. दोनदा.”

तिने गॅस बंद केला, किसणी माझ्या हातातून काढून घेतली आणि मला जमिनीवर बसवलं. स्वतःही समोर बसली, गुडघा धरून, कारण तिचा गुडघा दुखायचा.

“सकाळपासून?”

“नाही. आत्ताच. मान वळवली की.”

“रडू येतंय?”

“नाही.”

“चिडचिड?”

“थोडी. तू आत्ता विचारतेस त्याची.”

ती हसली नाही. माझ्या चेहऱ्याकडे नीट बघत राहिली. इतके दिवस मला ते बघणं नकोसं वाटायचं, कुणीतरी बॅग तपासतंय तसं. मी तिला बघू दिलं. मग तिने हात धरून मला उठवलं आणि आम्ही बाहेरच्या खोलीत फोनपाशी गेलो. मी नंबर लावला. डॉक्टरांनी विचारलं ते सगळं मी सांगितलं, आधी इंग्रजीत सुरू केलं आणि मग आईला कळावं म्हणून मराठीत. झोप, भूक, गरगरणं, मन कसं आहे ते. रिसीव्हर मी आमच्या दोघींच्या मध्ये धरला होता.

“असं होऊ शकतं,” डॉक्टर म्हणाल्या. “आत्ताच सांगितलंस ते बरं केलंस. आहे त्याच गोळीवर राहा, पुढची पायरी हे पूर्ण थांबल्याशिवाय नाही. वाढलं, किंवा मन उतरायला लागलं, तर लगेच फोन. आई ऐकतायत का?”

“ऐकतेय,” आई रिसीव्हरवर वाकून नको इतक्या मोठ्याने म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती तिथेच स्टुलावर बसली. आत कैरी अर्धी किसून पडली होती.

“उद्या पण सांग,” ती म्हणाली. “काही नाही झालं तरी, नाही झालं म्हणून सांग.”

“बरं,” मी म्हटलं.